वजनाचा रकाना

नर्स डेनीसनं आधी वजनकाट्याकडे पाहिलं, मग फुआतिनोकडे. "राहू दे गं," ती म्हणाली. "वर चढायलाच नको. दिसतंय की." फॉर्मवर वजनाच्या रकान्यात तिनं आकडा घातलाच नाही, 'खूप जास्त' असं लिहून टाकलं. फुआतिनोनं मनातल्या मनात देवाचे आभार मानले. कानातले डूल तिनं आधीच काढून पर्समध्ये टाकले होते. सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

डॉक्टर मॅक्रे स्वभावानं वाईट नव्हते. गावच्या लाकडाच्या गिरणीत राबणाऱ्या निम्म्या सामोअन कुटुंबांची नावं त्यांना पाठ होती. त्यांनी फॉर्मवरचे ते दोन शब्द वाचले आणि निदान तिथंच झालं. पुढचं सगळं नुसता सोपस्कार.

"काय होतंय?"

"चर्चच्या पायऱ्या चढले की धाप लागते, डॉक्टर. दोन दिवस झाले."

"एवढं ओझं घेऊन चढायचं म्हटल्यावर मलाही लागेल." ते हसले. फुआतिनोही हसली. असल्या बोलण्यावर हसून मोकळं व्हायचं, हे ती या देशात आल्या आल्या शिकली होती. शेजारी बसलेली तिची मुलगी लोसे मात्र हसली नाही.

"तारोचे कंद खाता?"

"हो, डॉक्टर."

"नारळाचं दूध घालून?"

"हो, डॉक्टर."

"आणि ते डब्यातलं खारं मांस?"

"हो, डॉक्टर."

खरं तर वर्षभरात तिनं त्या मांसाच्या डब्याला हात लावला नव्हता. पण डॉक्टर म्हणजे पाद्रीबाबांच्या तोलामोलाचा माणूस. त्यांना 'नाही' कसं म्हणायचं?

"पायाचं सांग ना," लोसे सामोअन भाषेत कुजबुजली.

"गप्प बस."

"आई, विमानातून उतरल्यापासून तुझा पाय..."

फुआतिनोनं तिच्या मांडीला चिमटा काढला. डॉक्टरांसमोर पायाच्या गोष्टी! मोठ्या माणसापुढे बसलं की पाय झाकून बसायचं, एवढं तर चार वर्षांच्या पोरीलाही कळतं. कमरेला गुंडाळलेली लावालावा तिनं पार घोट्यांच्या खाली ओढून घेतली होती, आणि ती जरा वर करा असं डॉक्टरही म्हणाले नाहीत. रात्री आई उशाला तीन उश्या लावून बसल्या बसल्या झोपली होती, हे लोसेनं पाहिलं होतं. आणि इथं भेटीची पंधरा मिनिटं संपत आली होती. प्रिंटरमधून पथ्याचा कागद बाहेर आला.

"हे पाळा आणि तीन महिन्यांनी या," डॉक्टर म्हणाले.

दोघी उठल्या. दारापर्यंत चार पावलं होती. तेवढ्यात फुआतिनो थांबली आणि भिंतीला हात लावून श्वास घेऊ लागली. लोसेला आता राहवेना.

"डॉक्टर, आईचा पाय सुजलाय."

उत्तर दारात उभ्या डेनीसनंच दिलं. "जाड माणसांचे पाय सुजतातच गं."

"मग दोन्ही सुजायला हवेत ना?" लोसेचा आवाज चिरकला. "हिचा एकच सुजलाय!"

डॉक्टरांचा कीबोर्डवरचा हात थांबला. त्यांनी फुआतिनोला परत खुर्चीत बसवलं आणि लावालावा गुडघ्यापर्यंत वर घ्यायला सांगितली. तिनं डोळे गच्च मिटून घेतले. डावी पोटरी लालसर, ताणलेली, चकचकीत. त्यांनी टेपनं दोन्ही पोटऱ्या मोजल्या. सात सेंटीमीटरचा फरक. डॉक्टरांचे कान लाल झाले.

"लांबचा प्रवास झाला का इतक्यात?"

"भावाच्या मयताला गेले होते, आमच्या बेटांवर, पागो पागोला."

त्यांनी हॅमिल्टन शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला. बोलता बोलता ते पाठमोरे झाले, आवाज खाली गेला. फोन ठेवून त्यांनी सांगितलं, "पायात रक्ताची गाठ दिसतेय. तिचा तुकडा फुफ्फुसात गेला असावा. ॲम्ब्युलन्स निघालीय, पण तासभर लागेल. तोवर जागचं हलायचं नाही. इंजेक्शन मी आत्ताच देतो."

लोसेनं आईचा हात धरला. तो गार पडला होता.

डेनीसनं औषधाची बाटली आणि सिरिंज आणून ठेवली. "हे वजनाच्या हिशेबानं द्यायचं असतं," डॉक्टर म्हणाले. "कमी पडलं तर गाठ वाढतच जाईल." त्यांनी फॉर्म ओढून घेतला, आकडा शोधला. मग डेनीसकडे पाहिलं. डेनीस खाली बघत होती.

"वजन किती तुमचं?"

फुआतिनोला नेमकं माहीत होतं. दोन बेटांमधल्या चिमुकल्या विमानात चढताना सामानाबरोबर माणसांनाही काट्यावर घेतात. गेल्याच आठवड्यात काउंटरवरच्या पोरीनं तिचा आकडा मोठ्यानं वाचला होता, आणि मागची रांग ऐकत होती. एकशे चौसष्ट किलो.

"एकशे पंधरा," ती म्हणाली.

"आई?" लोसे म्हणाली.

फुआतिनोनं तिच्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरांनी बाटली उलटी केली आणि सिरिंजचा दांडा मागे ओढला. औषध एकेक रेघ करत वर चढत होतं. फुआतिनो त्या रेघांवरून नजर काढत नव्हती. छातीत श्वास मावत नव्हता. औषध एका रेघेवर थांबलं. डॉक्टर सुई घेऊन पुढे वाकले.

तिनं त्यांचं मनगट धरलं. एवढ्या मोठ्या माणसाला तिनं जन्मात कधी हात लावला नव्हता.

"डॉक्टर," ती म्हणाली, "अजून थोडं भरा."