कंदिलाचं गाणं

बाईंच्या घराचं दार उघडणाऱ्या त्यांच्या भाचीला गायकाने आधी ओठांवर बोट ठेवून दाखवलं आणि मफलर गळ्याशी घट्ट केला. घसा पार बसला होता. सकाळीच डॉक्टरांनी बजावलं होतं, उद्या स्टेजवर उभं राहायचं असेल तर आज गळ्यातून सूर म्हणून काढायचा नाही. बोलायचंच झालं तर हळू, आणि तेही कामापुरतं.

लहानपणापासून त्याला गाणं शिकवणाऱ्या बाईंना याचा पत्ता लागू द्यायचा नव्हता. लागला असता तर त्यांनी त्याच्या काळजीपोटी उद्याचा कार्यक्रमच रद्द करून टाकला असता. आणि उद्या मोठ्या सभागृहात पहिल्यांदाच सगळी गाणी बाईंची होती. कविता इंग्रजी, चाली बाईंच्या, पियानोवर बाई आणि गायला तो. जन्मभर दुसऱ्यांच्या चाली वाजवून बोटं झिजवल्यावर बाईंनी गेल्या काही वर्षांत, दार लावून घेऊन, ही गाणी लिहिली होती.

"चहा टाकू?" भाचीने विचारलं.

"नको. कोमट पाणी दे," तो पुटपुटला.

"काय म्हणालास?" ती त्याच्या शेजारीच उभी होती.

"कोमट पाणी मागतोय तो," समोरच्या खोलीतून, पियानोपाशी बसलेल्या बाई म्हणाल्या. "ये रे भोंग्या, आत ये."

लहानपणी त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, म्हणून बाईंनी ठेवलेलं हे नाव. केस पिकायला लागले तरी ते काही सुटलं नव्हतं. या वयात काय कान आहेत बाईंचे, त्याला कौतुक वाटलं. आणि लोक काय काय बोलत असतात! परवा आयोजकाने फोनवर कुरकुर केली होती. "बाई हल्ली फार शिष्ट झाल्यात हो. मागून हाक मारली तर वळूनसुद्धा बघत नाहीत. फोन तर उचलतच नाहीत. एखादा तरुण वादक बघू का?"

"बाई नसतील तर मीही नाही," त्याने ठणकावलं होतं. "जबाबदारी माझी."

जबाबदारी घेणं सोपं होतं, पण तेव्हापासून त्याला धास्ती लागली होती. उद्या काही चुकलं तर बाईंना पुन्हा कुणी स्टेजवर बोलावणार नव्हतं.

बाईंनी पियानो ओढून खिडकीसमोर आणला होता. "इथे उभा राहा, उजेडात," त्या म्हणाल्या. "मला तुझं तोंड दिसलं पाहिजे."

"उद्या तर लोकांकडे तोंड असेल माझं," तो हळूच म्हणाला.

"उद्या खांदा दिसला तरी पुरे. तू श्वास घ्यायच्या आधी तुझा खांदा मला सांगतो. आणि शब्द चावू नकोस! तोंडात घास असल्यासारखी कविता म्हणतोस. कवीने एकेक अक्षर तोलून ठेवलंय, तुझ्या ओठांवर ते सगळं यायला हवं."

बाईंचा हा हट्ट त्याला पाठ होता. कवीचा जोर ज्या शब्दावर, सूर त्याच शब्दावर चढला पाहिजे. नाहीतर कवितेला दुसऱ्याच्या मापाचा कोट घातल्यासारखं होतं, असं त्या म्हणायच्या.

आज गळा राखतोय, एवढं तरी सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण बाईंची बोटं पट्ट्यांवर पडलीसुद्धा. राहू दे, त्याने विचार केला. आदल्या दिवशी गायक नुसते ओठ हलवून तालीम करतात, हे काय बाईंना सांगायला हवं? ही रीत त्यांनीच तर त्याला शिकवलेली. तो ताठ उभा राहिला आणि सुराचा टिपूसही बाहेर न काढता कविता ओठांवर आणू लागला.

कविता साधीच होती. नदीपलीकडे नावाड्याची बायको उभी आहे. वाऱ्यात हाक पोचत नाही, म्हणून ती कंदील हलवते आहे. नावाडी नावेत बसून तो उजेड बघतो आणि ती काय म्हणत असेल ते मनात रचतो. दुसऱ्या कुणी इथे वादळ उठवलं असतं. बाईंनी तसं काही केलं नव्हतं. डाव्या हातात पाणी संथ चाललं होतं, उजव्या हातात कंदील इकडून तिकडे झुलत होता. 'हाक' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी पियानो एकदम गप्प व्हायचा, जणू सगळी नदी कान देऊन थांबलीय. त्याला भरून आलं. असलं गाणं आपल्या वाट्याला आलं, हे आपलं केवढं भाग्य!

आणि साथ तरी कशी! तो एका ओळीवर रेंगाळला, बाई रेंगाळल्या. त्याने श्वास लांबवला, बाईंनी वाट पाहिली. एका जागी त्याने मुद्दाम घाई केली, तर त्या त्याच्याबरोबरच पुढच्या शब्दावर उतरल्या. ओठांशिवाय काही हलत नव्हतं, तरी कुठे केसाएवढी फट पडली नाही. त्याच्या मनातली धाकधूक गेली. उद्या घसा उघडो न उघडो, या बाईंबरोबर उभं राहायचंच.

भाची पाणी घेऊन आली, नुसता पियानो ऐकून तालीम अजून सुरू झाली नसावी असं तिला वाटलं, आणि पेला ठेवून ती निघून गेली.

शेवटचा सूर विरेपर्यंत बाईंनी हात पियानोच्या लाकडावर टेकवून ठेवला. मग चष्मा काढून डोळे पुसले, उठून त्याच्याजवळ आल्या आणि त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"इतकी वर्षं तुला ऐकतेय रे भोंग्या," त्या म्हणाल्या, "पण आजच्यासारखा आवाज तुझा कधीच लागला नव्हता."