शेवट जमेना

आईची नवी कादंबरी म्हणजे एका जुन्या, गाजलेल्या शोकांतिकेवर बेतलेली अकरावीतल्या पोरांची प्रेमकथा. सगळं झालं, पण शेवटची ताटातूट काही केल्या जमेना. संपादकबाई सारख्या म्हणत, "नायिकेचं रडू खोटं वाटतंय हो!"

त्यातच लेकीच्या मित्राच्या घरी दोघांचं बिंग फुटलं आणि वडिलांनी पोराला तडकाफडकी दूर मामाकडे धाडलं. लेकीनं आईच्या मांडीत तोंड खुपसलं. दोघांचं जुळलेलं एकट्या आईलाच तर माहीत होतं!

"बोल बाळा, मन मोकळं कर. नेमकं काय होतंय तुला?"

लेकीनं हुंदके देत सगळं सांगितलं. तिचा डोळा लागतोय तोच बाहेरून आईचा फोनवरचा आवाज आला.



"जमला बाई शेवट! मुलाच्या बापाला एक फोन करावा लागला, पण रडू अगदी अस्सल मिळालं."