महाशीर लागला तो दिवस

सर्जेरावच्या गळाची काठी कमानीसारखी वाकली आणि रीळ सुसाट फिरू लागलं. वारणेच्या डोहात तीस वर्षं हुलकावणी देणारा मोठा महाशीर आज त्याच्या गळाला लागला होता. तेही अर्धांगवायूच्या झटक्यानंतर तो पहिल्यांदाच नदीवर आला असताना. उजव्या हाताची मूठ अजून नीट वळत नव्हती. डाव्या हातानं काठी धरावी, तर रीळ कोण आवरणार?

"धर की लेका!" इसाक तातोबाच्या कानाशी पुटपुटला.

तातोबा पाण्यात दोन पावलं उतरला आणि थांबला. ज्याचा गळ त्याचाच मासा, दुसऱ्यानं काठीला बोटही लावायचं नाही, हा या तिघा मित्रांचा नियम. तो तातोबानंच भांडून केला होता आणि सर्जेरावनं आजवर एकदाही मोडला नव्हता.

"सर्ज्या, हात लावू?"

"खबरदार!"

मग तातोबा नुसता बघत राहिला. सर्जेरावची बोटं एकेक करून उलगडली, काठी निसटली आणि पाण्यावरून सरसरत डोहात गेली. रिकामी मूठ छातीशी धरून तो तिथंच चिखलात बसला.

दुपारी सावलीत डबे सोडले. सर्जेरावनं आपला डबा हळूच तातोबापुढं सरकवला.

"झाकण लई घट्ट बसलंय बघ," तो नदीकडे तोंड करून म्हणाला.

झाकण दोन बोटांनीच सैल झालं. तरी ते उघडायला तातोबा बराच वेळ झटत राहिला.