घाटातलं सरकारी काम

पीयूसीवाल्यानं सायलेन्सरमधली नळी काढली आणि मान हलवली. "धूर जास्त दाखवतंय, आजी. गाडी थंड आहे. जरा पळवून, तापवून आणा, मग होईल पास."

"माहितीये मला," सुलभाबाई सुनेच्या शेजारी सावरून बसल्या. आज नापास झाली तर मुलगा ही जुनी फियाट भंगारात काढणार होता. "चल गं, यवतेश्वरला जाऊन येऊ."

पीयूसीवाल्याला हसू आलं. "एवढ्यासाठी घाट कशाला चढताय? पोवई नाक्यापर्यंत जाऊन आलात तरी चिक्कार झालं."

"पण आमचे हे तर दर वेळी घाटातच..." सुलभाबाई बोलता बोलता थांबल्या.

तेव्हा नऊ माणसांचं घर होतं. दोघंच फिरायला निघाली की सासूबाईंच्या कपाळावर आठी पडायची. पण दर सहा महिन्यांनी हे ओट्यापाशी येऊन मोठ्यानं सांगायचे, "पीयूसी काढायचीय. इंजिन घाटात तापवून आणायला हवं. सोबत कुणीतरी लागेल." सरकारी काम म्हटल्यावर सासूबाई गप्प. मग घाटमाथ्यावर गरम भजी, दोघांत एक चहा आणि खाली पसरलेला सातारा. इंजिनाला घाटच लागतो, असं सुलभाबाईंना तीस वर्षं खरंच वाटत होतं.

नाक्यावर सुनेनं गाडी हळू केली. "वळवू का, आई?"

"नको," सुलभाबाई म्हणाल्या. "घाटात घे. सरकारी काम आहे."