कोपऱ्यातले कडुनिंब

नंदुरबारच्या वेशीवर व्यापाऱ्यांची लाल मिरची उन्हात वाळत पडते. तिथे एका पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, तापीबाई मिरच्या उलथण्याचे काम करी. घरी सांभाळणारे कुणी नव्हते, म्हणून पाच वर्षांची नात मयूरी तिच्याबरोबरच येई. पोरीला दमा होता. मिरचीच्या खकाण्याने तिची छाती शिट्टीसारखी वाजू लागे. मैदानाच्या कोपऱ्यात तीन जुने कडुनिंब होते. तिथवर खकाणा फारसा पोहोचत नसे. डॉक्टरांनीही सांगितले होते, "तिला झाडांखालीच बसवत जा." कामावरच्या बाया मयूरीला चिडवीत, "तुन्हा बंगला ते आमनापेक्षा थंडगार शे वं!" त्या सावलीत बसू लागल्यापासून पोरीला एकदाही दवाखान्यात न्यावे लागले नव्हते.

सोमवारी दोघी आल्या, तेव्हा कोपऱ्यात तीन ताजे बुंधे उरले होते आणि त्यांच्याभोवती मिरच्या पसरलेल्या होत्या. मयूरी खोकू लागली.

"शेठ, निंब कसाले तोडात हो?" तापीबाईने तिला पदराआड घेत विचारले. "मन्ही पोरले तठेच दम लेता येत व्हता."

पथारीचे मालक चंपालाल शेठ चकित झाले. मग अगदी मनापासून, कौतुकाच्या सुरात म्हणाले,



"अवं बाई, इतल्या बायास्मा शनवारे तूच एकली सांगाले उनी ना, का सावलीमुळे त्या कोपराकडनी मिरची सुकस नही म्हणून!"