चार वाजेपर्यंत

"अजून थोडा चहा?" आजोबांनी चौथ्यांदा विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कप भरला.

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेतीन. जीव टांगणीला लागला होता. तीन वाजता आई फोनवर बोलणार होती. चार महिन्यांत पहिल्यांदा.

घरात हिच्या लग्नाची बोलणी चालू असताना ही परदेशात नर्सिंग शिकायला विमानात बसली, त्या दिवसापासून आईनं अबोला धरला होता. काल रात्री धाकट्या भावाचा निरोप आला. 'ताई, उद्या सण आहे. तुझ्याकडे तीन वाजले की फोन कर. आई उचलते म्हणालीय. वेळ मात्र चुकवू नकोस, तिचं डोकं फिरायला कितीसा वेळ लागतो!'

आणि आज तीन वाजायला आले असताना ती कुठे होती? तिसऱ्या मजल्यावर, एका निवृत्त बसड्रायव्हरच्या बैठकीच्या खोलीत. सणाच्या दिवशी कुणी एकटं राहता कामा नये, असा चर्चच्या तरुण मंडळाचा नेम होता. दुपारी एकेकानं एकेका घरी जाऊन बसायचं. बसल्यावर कुणी फोनात तोंड खुपसू नये म्हणून सगळ्यांचे फोन आधीच चर्चच्या कपाटात कुलूपबंद. मंडळाची प्रमुख एक उंच, ताठ मुलगी होती. ही मनातल्या मनात तिला फौजदारीणबाई म्हणायची. "चार वाजेपर्यंत हलायचं नाही," फौजदारीणबाईंनी बजावलं होतं, "आजोबांना कुणी नाही." आठवड्यापूर्वी हिनं हौसेनं मान डोलावली होती. आज नाही म्हणायला जीभ रेटली नाही.

आजोबाही अजबच होते. घरातल्या घरात कोट चढवलेला, पायांत पॉलिश केलेले बूट. दर पाच मिनिटांनी उठून खिडकीशी जायचे, खाली डोकावायचे, परत येऊन बसायचे. फोटोंचा अल्बम दोनदा पाहून झाला होता. आता ते तीस वर्षं चालवलेल्या बसचा मार्ग थांब्याथांब्यानं सांगत होते. बिचाऱ्यांना उगीचच कुणाची तरी वाट बघायची सवय लागली असेल, असं तिला वाटलं आणि गलबलून आलं. रागही आला. त्यांचा, फौजदारीणबाईंचा, आणि सर्वांत जास्त स्वतःचा. पुण्य करायला यायचं आणि मिनिटं मोजत बसायचं, म्हणजे काय!

खाली रस्त्यावर हॉर्न वाजला. आजोबा ताडकन उठले. खिडकीतून त्यांनी कुणाला तरी थांबायची खूण केली आणि परत येऊन खुर्चीत टेकले.

"हं, तर कुठे होतो आपण? बाराव्या थांब्यावर."

तीनला पाच कमी. तिचा धीर सुटला.

"आजोबा, रागावू नका, पण मला जायला हवं," तिचे डोळे भरून आले होते. "तीन वाजता माझी आई बोलणार आहे माझ्याशी. चार महिन्यांनी. माझा फोन चर्चमध्ये आहे. आता पळत गेले तरी..."

आजोबांनी कपाळावर हात मारला.

"अगं, मग आधी बोलायचं नाही का! तुमच्या त्या उंच मुलीनं मला दम भरलाय. परदेशी पोरगी आहे, सणाला एकटी आहे, चार वाजेपर्यंत तिला सोडून कुठं जाऊ नका म्हणून. आणि माझी लेक मला न्यायला आलीय. नातवंडांना घेऊन केव्हाची खाली गाडीत बसलीय!"

ती रडता रडताच हसायला लागली. आजोबांनी कोपऱ्यातला फोन उचलून तिच्यापुढे ठेवला.

"बोल निवांत. जाताना दार ओढून घे, आपोआप लागतं."

तिनं घाईघाईनं नंबर फिरवला. पलीकडे रिंग वाजू लागली. आजोबा दारापर्यंत गेले, कडी काढली आणि तिथेच घुटमळले. पोरीला एकटं सोडणार नाही असा शब्द देऊन बसले होते ना! खाली पुन्हा हॉर्न वाजला. त्यांनी हळूच दार आतून परत लोटलं आणि कोटाची बटणं सोडायला घेतली.

फोन उचलला गेला. आईचा आवाज, घसा खाकरून, उगीच कडक केलेला.

"सणासुदीचं जवळ कुणी आहे का गं?"

"आहेत की," ती म्हणाली, आणि मोकळ्या हातानं तिनं आजोबांना जायची खूण केली.