नाव काढलं

"एकदाच ऐकवा. पाच मिनिटं. मग मी उठतो," म्हातारा म्हणाला.

संस्थेत रेकॉर्डिंग सांभाळणाऱ्या बाईंनी नकारार्थी मान हलवली. हाडांच्या एका आजारावर संशोधन करायचं म्हणून रुग्णांना बोलतं करून ते सगळं रेकॉर्ड केलं होतं. त्यांत म्हाताऱ्याची मुलगी होती. मुलगी गेली, आवाज तेवढा इथे राहिला.

"काका, संशोधकांनी रीतसर अर्ज केला तर त्यांनाच मिळतं. घरच्यांना नाही. रुग्णांना तसा शब्द दिलाय."

"म्हणजे परक्यांनी ऐकलेलं चालतं. बापाचंच वावडं."

"त्यांना ती कोण हे कळत नाही. आता आम्हालाही कळत नाही. सगळ्यांची नावं काढून टाकलीत."

म्हातारा कसनुसं हसला. "पोर नाव काढेल, असं सगळे म्हणायचे. तुम्हीच काढलंत. असो."

त्या 'असो'वरून बाईंना एक आवाज आठवला. नावं त्यांनीच काढली होती. कानाला हेडफोन लावायचे, नाव आलं की तेवढं कापायचं आणि तिथे एक 'टूं' असा आवाज चिकटवायचा. बाकीचं ऐकायचं नाही म्हटलं तरी कान काही मिटता येत नाहीत. एक मुलगी मधेच हसली होती, "आमचे बाबा ना, घर पडलं तरी 'असो' म्हणतील." मग बराच वेळ दुखण्याबद्दल बोलली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून उशी दातांत धरते, म्हणाली. आणि शेवटी, "हे बाबांना ऐकवू नका हं. विचारलंच तर सांगा, तुमच्या 'टूं'ला काही दुखत नव्हतं."

म्हातारा उठला. दारापर्यंत गेला आणि छत्री चाचपत वळला.

"निदान एवढं तरी सांगा. फार दुखायचं का हो तिला? मला कधी बोलली नाही."

नियम बाईंना तोंडपाठ होता. माहीत नाही, एवढंच म्हणायचं. पण तो चेहरा त्यांना बघवेना.

"नाही काका. नव्हतं दुखत तिला."

तो मग सावकाश परत आला, खुर्ची ओढून बसला, छत्री मांडीवर आडवी ठेवली.

"म्हणजे सापडते तर ती," तो म्हणाला. "ऐकवा."